एकाच बाजूची शीळ

१८८६ साली फिलाडेल्फिया शहरातून दोन नवे डॉक्टर बाहेर पडले. दोघांचं जन्मसाल एकच, १८६५. एक आपल्या आनंदीबाई जोशी. ११ मार्चला विमेन्स मेडिकल कॉलेजच्या समारंभात त्यांना एम. डी. मिळाली. दुसरा पिट्सबर्गचा शेव्हेलियर जॅक्सन, त्याच शहरातल्या जेफर्सन मेडिकल कॉलेजचा. आनंदीबाईंना पुढे एक वर्षही मिळालं नाही. बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं त्यांना नेलं. जॅक्सनलाही क्षय झाला, बरा झाला, पुन्हा उलटला. तो मात्र ९२ वर्षांचा होऊन १९५८ साली गेला. आणि १९३५ पासून काही वर्षं तो आनंदीबाईंच्याच त्या कॉलेजचा अध्यक्ष होता.

योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे मला कळतं. पण माझी सगळी नोकरी श्वासनलिकेत घालून आत पाहायच्या जॅक्सनच्या नळीच्या लेकीनातींपाशी गेली, म्हणून ही दोन नावं मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात छातीच्या विभागात सिस्टर होते आणि बरीच वर्षं दुर्बीण-रूम माझ्याकडे होती. डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात, पेशंट म्हणतात 'दुर्बीण टाकली'. पेशंट बरोबर म्हणतात. निवृत्त झाल्यावर विभागाच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं वाचायला वेळ मिळाला आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. श्वासनलिकेचा क्षय ओळखायचं साधन माणसाच्या हातात १८९७ पासून आहे. ते साधन क्षयाच्या पेशंटकडे मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षं कोणी वळवलं नाही. नंतर वळवलं, भरपूर पाहिलं, आणि औषध सापडताच पुन्हा विसरले.

आधी हा आजार काय ते सांगते, कारण टीबी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुफ्फुस येतं. घशाखाली श्वासनलिका सुरू होते, साधारण अकरा सेंटिमीटर लांब. छातीच्या मधल्या हाडामागे तिला दोन फाटे फुटतात. उजवा आखूड आणि सरळ, डावा लांब आणि आडवा, जवळजवळ पाच सेंटिमीटरचा. फुफ्फुसातला जंतूंनी भरलेला बेडका याच वाटेनं वर येतो आणि येता येता नळीच्या अस्तरात जंतू रुजतात. कधी नळीला खेटून असलेली गाठ पिकून आत फुटते. अस्तर सुजतं, त्यावर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर धरतो, व्रण पडतात आणि व्रण भरताना नळी आवळते. पेशंटला काय होतं? हटून बसलेला खोकला, धाप, आणि छातीत शीळ. छातीचा फोटो पुष्कळदा स्वच्छ असतो. बेडका तपासला तर जंतू सापडतीलच असं नाही. हा आजार तरुण बायकांत जास्त दिसतो. तरुण बाई, खोकला, शीळ, फोटो स्वच्छ, इतकं जमलं की चिठ्ठीवर 'दमा' लिहिलं जातं आणि हातात पंप येतो.

आता १८८६ च्या डॉक्टरांच्या पिशवीत काय होतं ते पाहा. ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगरनं १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आवाज ओळखायची रीत लिहून ठेवली होती. त्याचा बाप खानावळवाला, दारूची पिंपं किती भरली आहेत ते ठोकून बघायचा, असं सांगतात. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लायनेकनं १८१६ साली, एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून, कागदाची गुंडाळी करून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. दहा वर्षांत लायनेक स्वतःच क्षयानं गेला. तिसरी वस्तू घशातला आरसा. ती डॉक्टरची नव्हेच, गाण्याच्या मास्तरची. मान्युएल गार्सिया यानं १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. ते उघडे असताना त्याला श्वासनलिकेचा वरचा तुकडाही दिसला. गाणारा माणूस १०१ वर्षं जगला. आपल्याकडच्या गवयांना ही हकीकत सांगावी असं मला नेहमी वाटतं.

चौथी वस्तू सगळ्यात ताजी. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला. पाठोपाठ एर्लिख, झील आणि नेल्सन यांनी तो रंगवायची पद्धत सुधारली. आमच्या लॅबमध्ये परवापरवापर्यंत तीच चालली: काचपट्टी, लाल रंग, खालून आच, आम्लानं धुणं, मग निळा रंग. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की झालं.

चारी साधनं चांगली होती, पण एकही मधल्या वाटेला हात लावत नव्हतं. ठोकणं आणि ऐकणं फुफ्फुसासाठी, आरसा घशापुरता, सूक्ष्मदर्शक जे खोकल्यातून वर आलं त्यापुरतं. घशाखालपासून फुफ्फुसापर्यंतचा भाग डॉक्टरांना दिसायचा तो शवविच्छेदनात. लंडनच्या रिचर्ड मॉर्टननं १६८९ साली क्षयावर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि श्वासवाहिन्यांच्या क्षयाचं पहिलं वर्णन त्याच्या नावावर सांगतात. म्हणजे आजार नवा नव्हता. माणूस जिवंत असताना तो पाहता येत नव्हता. १८९५ च्या शेवटी राँटगेनचे क्ष-किरण आले, पण फोटोत हवेनं भरलेली नळी म्हणजे नुसता काळा पट्टा. त्याच्या अस्तरावर काय चाललंय ते फोटो सांगत नाही.

मग १८९७. जर्मनीतलं फ्रायबुर्ग. गुस्ताव किलियान हा नाक-घशाचा डॉक्टर. बर्लिनच्या किर्स्टाइननं दोनच वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की जीभ दाबून, मान मागे करून, आरशाशिवाय सरळ नजरेनं स्वरयंत्र पाहता येतं. किलियानला पुढचा प्रश्न पडला: तिथून खाली जाता येईल का? सगळ्यांची समजूत अशी की श्वासनलिका कुर्च्यांची, ताठ, तिच्यात धातूची नळी घातली तर ती फाटेल, माणूस गुदमरेल. किलियाननं आधी मृतदेहांवर करून पाहिलं. मग रुग्णालयातला एक नोकर तयार झाला. त्याच्या घशाला कोकेन लावलं (ते बधिर करण्यासाठी वापरता येतं हे तेव्हा तेरा वर्षांपूर्वीच कळलेलं) आणि नळी खाली गेली. नळीच्या रेट्यानं फाटे बाजूला सरकतात, वाकतात, जागेवर परत येतात, हे तेव्हा कळलं. त्या नोकराचं नाव कुठल्या पुस्तकात ठळक छापलेलं मला आढळलं नाही. आमच्या रूमची भिंत माझ्या हातात असती तर मी किलियानच्या तसबिरीशेजारी त्याचीही लावली असती.

३० मार्च १८९७ ला एक ६३ वर्षांचा शेतकरी आला. डुकराच्या मांसाचं हाड जेवताना श्वासात गेलेलं, उजव्या फाट्यात अडकलेलं. किलियाननं तोंडावाटे नळी घातली, चिमट्यानं हाड काढलं. छाती फाडली नाही, गळ्याला भोक पाडलं नाही. या दिवशी ब्रॉन्कोस्कोपी जन्मली असं सगळे मानतात.

हाडापासून सुरुवात झाली आणि पुढे कितीतरी वर्षं हे शास्त्र हाडं, नाणी, बिया, टाचण्या यांच्याच मागे राहिलं. त्यातला सर्वांत मोठा माणूस जॅक्सन. किलियानचा उजेड बाहेरून, डॉक्टरच्या कपाळावरून यायचा. जॅक्सननं १९०४ च्या सुमारास नळीच्या टोकालाच इवलासा विजेचा दिवा बसवला. जिथे बघायचं तिथेच उजेड. तो दोन्ही हातांनी चित्रं काढायचा. वर्गात रंगीत खडूंनी श्वासनलिकेची आतली बाजू काढून दाखवायचा. लहान मुलं घरातला कॉस्टिक सोडा पितात आणि अन्ननलिका जळून आवळते हे रोज पाहून तो इतका चिडला की बाटलीवर विषाची खूण सक्तीची करणारा कायदा होईपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, त्यानं पाठ सोडली नाही. पेशंटांच्या नळ्यांतून काढलेल्या दोन हजारांवर वस्तू त्यानं जपून ठेवल्या. त्या आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणांतून मांडलेल्या आहेत.

मला त्याची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. तो विद्यार्थ्यांना बजावत असे की शीळ वाजली म्हणजे दमाच असं समजू नका. शेंगदाणा अडकलेल्या मुलाच्या उघड्या तोंडाशी कान नेला तर दम्यासारखीच शीळ ऐकू येते, आणि छातीवर ऐकलं तर ती बहुधा एकाच बाजूला असते. दमा दोन्ही बाजूंना वाजतो. नळीत एका जागी काही अडलं असेल, मग तो दाणा असो, गाठ असो की क्षयाची सूज असो, तर त्या बाजूची शीळ वेगळी. हे ऐकायला वीज लागत नाही, दिवा लागत नाही. लायनेकच्या गुंडाळीनंही ऐकता आलं असतं.

मग क्षयाच्या पेशंटमध्ये दुर्बीण का घातली नाही? भीती. क्षयाचा एकच उपचार तेव्हा ठाऊक होता, विश्रांती. सॅनेटोरियममध्ये पेशंटनं खाटेवर पडून राहायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, काही ठिकाणी तर कुजबुजायचंही नाही. आपल्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर सुरू केलं, मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनेटोरियम उभं राहिलं, ते याच विचारानं: मोकळी हवा, दूध, अंडी, शांतता. अशा माणसाच्या घशातून ताठ नळी घालून त्याला खोकवायचं म्हणजे रक्ताची गुळणी यायची, आजार दुसऱ्या फुफ्फुसात पसरायचा, असं डॉक्टर मानत. क्षय असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करू नये हा नियमच होऊन बसला. त्या काळच्या डॉक्टरांना मी हसत नाही. माझ्यासमोर ताठ नळीखाली पेशंट कसे तडफडतात ते मी पाहिलंय, आणि तेव्हा तर गुंगीची चांगली औषधंही नव्हती. तरीपण जॅक्सन स्वतः क्षयाचा पेशंट, सक्तीच्या विश्रांतीत पडून पुस्तक लिहीत होता, आणि त्याच्या नळीचा उपयोग त्याच्याच आजाराला होत नव्हता, हे चमत्कारिक वाटतंच.

कोंडी फुटली ती सॅनेटोरियमच्याच एका कोड्यातून. तेव्हा क्षयाच्या फुफ्फुसाला 'झोपवायची' पद्धत होती. बरगड्यांच्या आत सुईनं हवा भरून फुफ्फुस दाबून ठेवायचं, किंवा शस्त्रक्रियेनं बरगड्याच कापून छाती आत बसवायची. काही पेशंटांचं फुफ्फुस छान मिटायचं, फोटोत पोकळी दिसेनाशी व्हायची, तरी बेडक्यात जंतू येतच राहायचे. काहींमध्ये उलटंच व्हायचं, हवा भरताच सगळं फुफ्फुस एकदम बसायचं किंवा पोकळी फुग्यासारखी ताणायची. जंतू येतात कुठून? फुफ्फुस वागतं असं का? उत्तर वाटेत होतं. नळीत व्रण होता, किंवा नळी आवळली होती.

१९३४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लिओ एलोएसर यांनी क्षयात श्वासवाहिनी आवळण्यावर लेख लिहिला. हेच ते एलोएसर ज्यांचं चित्र फ्रिडा कालोनं १९३१ मध्ये काढलं. त्या चित्रात ते जहाजाच्या प्रतिकृतीशेजारी उभे आहेत. कालोचे ते आयुष्यभराचे मित्र आणि डॉक्टर. पुढच्या तीनचार वर्षांत मिशिगनमधल्या बार्नवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांसारख्या अनेकांनी धीर करून क्षयाच्या पेशंटांमध्ये दुर्बीण घातली. लोक रक्त ओकून मेले नाहीत. उलट असं दिसलं की फुफ्फुसाच्या पुढे गेलेल्या क्षयात नळीचं दुखणं मुळीच दुर्मिळ नाही. लाल सुजलेलं अस्तर, पांढरे थर, खोल व्रण, चिवट घट्टे, सगळं पहिल्यांदा जिवंत माणसात दिसू लागलं. त्यानंतर शस्त्रक्रियेआधी दुर्बीण घालून नळी पाहायचा प्रघात पडला. आत नासकं असेल तर बरगड्या कापून उपयोग नाही, हे कळलं. सिल्व्हर नायट्रेटचा बोळा दुर्बिणीतून व्रणाला लावायचे. दर काही दिवसांनी. वाचतानाच माझा घसा आवळतो.

पुढे १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. वाक्समन त्यांचे प्रमुख. १९४४ च्या अखेरीपासून मेयो क्लिनिकचे हिनशॉ आणि फेल्डमन यांनी माणसांवर ते वापरून पाहिलं. फुफ्फुसातली सुधारणा फोटोत हळूहळू, कित्येक महिन्यांनी दिसायची. घशातले आणि नळीतले व्रण मात्र काही आठवड्यांत भरताना डॉक्टरांना डोळ्यांनी दिसत होते. क्षयाच्या औषधाचा गुण पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो या वाटेवरच, आणि तो दाखवला त्याच नळीनं जी दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत पेशंटच्या जवळ नेत नव्हते.

यानंतर विस्मरण. स्ट्रेप्टोमायसिनपाठोपाठ पास नावाचं औषध आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. पेशंट गोळ्यांवर बरे होऊ लागले तर आत नळी घालून पाहायचं कशाला? सॅनेटोरियमं ओस पडली. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगानं दाखवलं की गरिबाघरी राहून औषध घेणारा माणूस सॅनेटोरियममधल्या माणसाइतकाच बरा होतो. १९६२ साली भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला तो बेडक्याच्या काचपट्टीवर. हा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. ज्याच्या बेडक्यात जंतू, तो घरात-चाळीत आजार पसरवतो, त्याला आधी शोधा, सूक्ष्मदर्शक तालुक्याला नेता येतो. इतक्या मोठ्या देशात दुसरं काय करणार होते? पण काचपट्टीच्या चाळणीतून जे गळाले, त्यांत ही शीळ वाजणारी पोर होती. तिचा खोकला कोरडा. डबीत ती थुंकी देते, बेडका नाही. काचपट्टी निगेटिव्ह, फोटो क्लिअर. कागदावर तिला काहीच झालेलं नाही.

दुर्बीण परत आली ती क्षयासाठी नाहीच, कॅन्सरसाठी. तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले शिगेतो इकेदा यांना फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर पकडायचा होता. काचेच्या हजारो बारीक तंतूंची जुडी करून उजेड आणि चित्र दोन्ही वाकड्या वाटेनं नेता येतील, असं त्यांनी जपानी कारखानदारांच्या मागे लागून करून घेतलं. १९६६ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत त्यांनी ती लवचिक दुर्बीण दाखवली. पेन्सिलीहून बारीक, नाकातून जाते, पेशंट जागा असतो. जगात ती कॅन्सरसाठी फिरली. आपल्याकडे तिच्या टोकाशी वारंवार क्षय आला.

मी कामाला लागले तेव्हा आमच्या कपाटात दोन्ही होत्या. ताठ नळ्यांचा संच ऑपरेशन थिएटरचा, लवचिक आमची. पेशंटला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं. कवळी काढायला लावायची; म्हातारी माणसं लाजतात, म्हणून मी ओंजळीत गॉझ धरून तोंड वळवायचे. झायलोकेनचा फवारा घशात मारला की सगळे एकच तक्रार करतात, "सिस्टर, गिळता येत नाही, जीव घाबरा होतोय." तो बधिरपणा आहे, गुदमरणं नाही, हे हात धरून समजवायचं हे माझं काम. डॉक्टरांचे डोळे काचेला, माझे पेशंटच्या नखांकडे आणि ओठांकडे. आतून सलाईननं धुवून पाणी ओढून घ्यायचं, ते बाटलीत जमायचं. मग बारीक ब्रश, मग चिमट्यानं अस्तराचा कण. प्रत्येक बाटलीवर नाव, नंबर, बाजू. एक बाटली रंगवायला, एक कल्चरला. कल्चरचा निकाल यायला सहा ते आठ आठवडे.

आणि धुणं. यावर मी बोलायला लागले तर थांबत नाही. दुर्बिणीच्या आतून सक्शनची जी वाट जाते तिच्यात एका पेशंटचा कण राहिला, तर दुसऱ्याच्या बाटलीत पहिल्याचे जंतू सापडतात. बाहेरच्या देशांत असे खोटे टीबी लागल्याच्या नोंदी आहेत. ज्याला आजार नाही त्याला सहा महिने औषध. म्हणून ब्रशनं घासणं, एन्झाइममध्ये बुडवणं, मग ग्लुटराल्डिहाइडमध्ये घड्याळ लावून ठेवणं, निर्जंतुक पाण्यानं धुणं. त्या औषधाच्या वाफेनं डोळे चुरचुरत. यादी लांब असली की निवासी डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, झालं ना, द्या आता." मी द्यायचे नाही.

एक मुलगी आठवते. कपडे शिवायच्या कारखान्यात होती, लग्न ठरत आलेलं. एका दवाखान्यातून तिला दोन वर्षं पंप दिलेला. आई म्हणाली, "अहो सिस्टर, पंपानं कधी फरक पडतो, कधी नाही. रात्री हिच्या शेजारी झोपलं की डावीकडून शिट्टी ऐकू येते." मी आमच्या डॉक्टर सरांना तेच जसंच्या तसं सांगितलं. सरांनी आधी पाठीला स्टेथोस्कोप लावला, मग तिच्या उघड्या तोंडाशी कान नेला, अगदी जॅक्सनसारखा. तेव्हा मला जॅक्सन ठाऊक नव्हता. फोटो स्वच्छ होता. दुर्बीण आत गेली. श्वासनलिका ठीक, उजवा फाटा ठीक. डावा फाटा सुरू होताच लाल, सुजलेला, वर पांढरा थर, आणि भोक इतकं बारीक की दुर्बीण पुढे जाईना. काचपट्टीवर लाल काड्या निघाल्या. औषध लगेच सुरू झालं, खोकला दोन महिन्यांत थांबला. पण आवळलेली नळी गोळ्यांनी उघडत नाही. पुढे तिला दुसऱ्या ठिकाणी फुगा घालून ती रुंद करावी लागली. वर्षभर आधी कोणी पाहिलं असतं तर कदाचित नळी वाचली असती. औषध उशिरा सुरू केलं तरी जंतू मरतात, पण नळी तोवर थांबत नाही. या आजारात उशीर झाला की भोगावं लागतं ते हेच.

याच मुद्द्यावर कोरियातल्या चुंग आणि ली यांनी काम केलं. तिथेही क्षय पुष्कळ आणि दुर्बिणीही पुष्कळ. त्यांनी पेशंटांना औषध चालू असताना पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं आणि आत दिसणाऱ्या रूपाचे सात प्रकार पाडले. २००० साली त्यांचा लेख अमेरिकेतल्या 'चेस्ट' मासिकात आला. पांढऱ्या थराचा, सुजलेला लाल, आवळलेला, गाठीसारखा, रवाळ, व्रणाचा, आणि ज्यात नुसतीच साधी सूज दिसते तो. कुठला प्रकार पुढे आवळेल आणि कुठला निमूट बरा होईल, याचा अंदाज त्यावरून येऊ लागला. आमच्या सरांनी त्या रंगीत फोटोंची झेरॉक्स काढून भिंतीवर लावली. झेरॉक्स काळी-पांढरी, त्यामुळे लाल सूज आणि पांढरा थर सारखेच दिसायचे. मी शेजारी पेननं रंगांची नावं लिहिली. एव्हाना सीटी स्कॅनही सर्रास झाला होता. नळी कुठे बारीक झाली ते दुर्बीण घालण्याआधीच कळायचं, आणि बारीक श्वासवाहिन्यांत आजार भरला असेल तर फोटोत कळ्या धरलेल्या डहाळ्या दिसायच्या.

एक जुनी युक्ती नव्या लोकांना ठाऊक नसते म्हणून लिहिते. दुर्बिणीनंतर पेशंट दोनतीन दिवस मोकळा खोकतो. ज्याला आधी बेडकाच येत नव्हता त्यालाही येतो, आणि त्यात पुष्कळदा जंतू सापडतात. म्हणून घरी जाताना मी डब्या हातात द्यायचे आणि तारखा डबीवरच घालायचे. कित्येक निदानं दुर्बिणीच्या पाण्यातून न होता या डब्यांतून झाली.

२०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जीनएक्सपर्ट या तपासणीच्या यंत्राला मान्यता दिली. आपल्याकडे त्याला सीबीनाट म्हणतात. दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, दोन्ही कळतं. आमच्या बाटलीतलं पाणीही त्यात चालतं. आठ आठवड्यांची वाट संपली, तेव्हा खरं सांगते, मला जरा रितं वाटलं. २०२० मध्ये ट्रूनॅटला मान्यता मिळाली. ते तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, लहानशा आरोग्य केंद्रातही मांडता येतं. वेंगुर्ल्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या पेशंटला हे केवढं मोठं आहे ते शहरात बसून कळायचं नाही.

पण या यंत्राला खायला बेडकाच लागतो, किंवा दुर्बिणीतून काढलेलं पाणी. कोरडा खोकला असलेल्या मुलीची डबी रिकामी आली की तालुक्याचं यंत्र गप्प. तिला दुर्बिणीसाठी जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या गावी जायला हवं. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, सोबत घरचं माणूस हवं, रात्रीची एसटी, आणि पोट उपाशी, कारण सकाळी आठला दुर्बीण आहे असं चिठ्ठीवर लिहिलेलं. घरात कोणीतरी बसून हे सगळं जुळवावं लागतं, आणि लग्न ठरत आलेल्या मुलीच्या बाबतीत 'टीबीची तपासणी' हे शब्द उच्चारायलाच आधी चार दिवस जातात. आमच्या रूमबाहेर बाहेरगावचे असे पेशंट व्हरांड्यात पिशव्या घेऊन बसायचे. यादी लावताना मी त्यांचे नंबर आधी घ्यायचे, म्हणजे दुपारची गाडी मिळते. यावरून माझे सरांशी दर काही महिन्यांनी खटके उडायचे. त्यांचं म्हणणं, नंबर म्हणजे नंबर, वॉर्डातले पेशंटही उपाशीच आहेत. माझं म्हणणं, वॉर्डातल्याला पडायला खाट तरी आहे. शेवटपर्यंत आमचं यावर पटलं नाही. सर रजेवर असले की यादी मी लावायचे.